गूगल फॉर्म पाठवण्याआधी

प्रिय,

तुझा मेल आणि सोबतचा संशोधनाचा आराखडा, दोन्ही वाचले.

औद्योगिक मानसशास्त्रातली, म्हणजे कामाच्या जागी माणसं कशी वागतात यावरची, पीएचडी मानसशास्त्र विभागात करावी की व्यवस्थापन संस्थेत, याचा फार घोळ घालू नकोस. व्यवस्थापनाकडे जागा जास्त निघतात, पण तिथे सगळं मॅनेजरच्या खुर्चीतून बघायची सवय लागते. मानसशास्त्रात मोजमापाची शिस्त मिळते, पण कारखान्याचं गेट दिसेलच असं नाही. गाईड कोण आहे ते बघ आणि ठरव.

मला काळजी आहे ती आराखड्याची. ओळखीच्या नोकरदारांना एकच फॉर्म. त्यात कामातलं समाधान, कंपनीशी बांधिलकी आणि नोकरी सोडायचा विचार, तिन्ही एका बैठकीत विचारायचं. उत्तर देणारा तोच, दिवस तोच, मूडही तोच. तिन्हींत सहसंबंध, म्हणजे एकाबरोबर दुसरं बदलतं असं नातं, निघणारच गं! त्यावर पेपरही छापून येईल, पण तुला काय कळलं?

त्यापेक्षा अहमदाबादचं काम मुळातून वाच. १९५३ मध्ये लंडनच्या टॅविस्टॉक इन्स्टिट्यूट या सामाजिक संशोधन संस्थेचे ए. के. राइस तिथल्या कॅलिको या कापड मिलमध्ये आले. नवे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन हवं तसं वाढत नव्हतं. खात्यात २२४ माग, २९ कामगार आणि त्यांच्यात १२ प्रकारची कामं वाटलेली. कोण कुणाबरोबर, याचा पत्ता नाही. ठरावीक मागांची जबाबदारी छोट्या गटांकडे सोपवली आणि चित्र पालटलं. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. १९७० मध्ये टॅविस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा तिथे गेले, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. एका ठिकाणी गटपद्धत जवळपास तशीच टिकली होती, बाकीकडे कमीअधिक प्रमाणात विरली होती. मला विचारशील तर या दुसऱ्या फेरीचं मोल पहिलीहून जास्त आहे.

आकड्यांकडेही असंच परत जावं लागतं. बुद्धिमत्ता चाचणी आणि कामगिरी यांच्यातला सहसंबंध ०.५१ (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), हे श्मिट आणि हंटर या संशोधकांचं १९९८ चं उत्तर आम्ही वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्यामागच्या सांख्यिकी दुरुस्त्याच तपासल्या, आकडा ०.३१ वर आला आणि कामगिरीचा अंदाज देण्यात पहिला नंबर संरचित मुलाखतीकडे, म्हणजे सगळ्या उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारण्याच्या पद्धतीकडे, गेला. म्हणून संख्याशास्त्र पक्कं कर, सॉफ्टवेअरची बटणं दाबण्यापुरतं नको.

आता कामाचं. एकच जागा निवड: बसडेपो, रुग्णालय, चाकणचा एखादा कारखाना. परवानगी एचआर देईल, पण युनियनवाल्यांनाही आधी भेट; नाहीतर तू मालकाचा माणूस ठरलीस म्हणून समज. सुपरवायझर मागे उभा असताना फॉर्म भरून घेऊ नकोस. कामगार खालपर्यंत सरळ 'सहमत'वर टिक करत जातो आणि वर विचारतो, “मॅडम, हे साहेबांना दाखवणार का?” याचं खरं उत्तर तुझ्याकडे लेखी हवं, कंपनीच्या सहीसह.

आराखडा बदलून पाठव. आणि पैसे घेऊन महिन्याभरात छापणाऱ्या त्या जर्नलला सध्या उत्तर देऊ नकोस.

तुझा,
सर