प्रवाळांवर संशोधन करायचंय, मग गणित सोडू का?

सिंहगड रोडवरून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी यंदा दहावी झाली. लक्षद्वीपच्या सहलीत काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहून आल्यापासून तिला त्यांवरच संशोधन करायचंय. त्यासाठी अकरावीला गणित सोडून नुसता जीवशास्त्राचा ग्रुप घ्यायचा, असं तिचं ठरलंय. वडिलांचे प्रश्न तीन : गणित सोडू द्यावं का, पुण्यात बसून समुद्र कसा शिकणार, आणि पोटापाण्याचं काय? शिवाय तिची आवड खरी आहे का, हेही त्यांनी वेगळं विचारलंय.

नमस्कार,

गणित सोडू देऊ नका. तुमच्या पत्रात घाईने ठरवण्यासारखं एवढं एकच आहे, कारण अकरावीला सुटलेलं गणित पुन्हा हाती लागणं फार अवघड जातं.

तिला वाटत असेल की प्रवाळ म्हणजे प्राणी, तेव्हा जीवशास्त्र पुरे. प्राणी आहेतच ते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात आणि प्रवाळांचं बरंचसं अन्न तीच तयार करतात. एरवीच्या कडक उन्हाळ्यापेक्षाही पाणी एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही जोडी फुटते. शैवालं बाहेर पडतात, प्रवाळ पांढरे पडतात आणि उपाशी राहून मरूही शकतात. इथपर्यंत पाठ्यपुस्तक. संशोधकाचे प्रश्न पुढचे : किती अंश, किती आठवडे, कोणती जात तगली, आणि दोन तडाख्यांमध्ये सावरायला किती वर्षं मिळाली? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आकड्यांत असतं.

लक्षद्वीपचंच घ्या. तिथल्या प्रवाळांना 1998, 2010 आणि 2016 असे मोठे तडाखे बसले. 24 वर्षांच्या नोंदी सांगतात की प्रवाळांनी व्यापलेला तळ साधारण निम्म्यावर आलाय. हे वाक्य लिहिता यावं म्हणून संशोधक वर्षानुवर्षं त्याच त्या जागी उतरले, तळाशी मोजपट्टी अंथरली आणि तिच्याखाली काय काय येतं ते टिपत गेले. पाण्यातलं काम तासांचं, त्यानंतरचं संगणकापुढचं महिन्यांचं. बोटीच्या काचेतून यातलं काहीच दिसत नाही, त्यात मुलीचा दोष नाही.

पुण्याची काळजी मात्र सोडा. हिंदी महासागर किती वेगाने तापतोय, समुद्रातल्या उष्णतेच्या लाटा कशा वाढताहेत, यावरचं महत्त्वाचं काम पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत चालतं. रॉक्सी मॅथ्यू कोल हे तिथले शास्त्रज्ञ. त्यांच्या मुलाखती तिला ऐकायला लावा. पाषाणलाच आयसर, म्हणजे विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन एकत्र देणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिथल्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित चारही विषय असतात. ते नाही जमलं तर पुण्यातल्या चांगल्या कॉलेजातून बीएस्सी करावी. एमएस्सीला गरवारे कॉलेजचा जैवविविधतेचा अभ्यासक्रम आहे, गोवा विद्यापीठ आहे, पाँडिचेरी विद्यापीठाचं अंदमानात पोर्ट ब्लेअरचं (आताचं श्री विजयपुरम) केंद्र आहे. शेवटच्या ठिकाणी तर प्रवाळ दाराशी. नीटची गरज यातल्या कशालाच नाही. 'असू दे सोबत' म्हणून नीटचा क्लास लावणारे पालक मला दर जूनमध्ये भेटतात. दोन वर्षं मग त्या क्लासचीच होतात.

आता पैसे. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत महिना 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं. त्यानंतर 42,000. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरून चला. पुढच्या कायम नोकऱ्या थोड्या, प्रकल्पांवरच्या कंत्राटी जास्त. बरोबरीच्या मुली हिंजवडीला गाडी घेऊन जात असतील तेव्हा तुमची मुलगी शिष्यवृत्तीच्या पैशात भागवत असेल. हे घरात आत्ताच बोलून घ्या. पण काम कायद्यामुळेही निघतं. वन्यजीव कायद्यात प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण आहे, म्हणून मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजीअलीच्या प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. अशा कामांना माणसं लागतात, आणि त्यांतही आकडेवारी येणाऱ्याला आधी बोलावतात.

तिची आवड खरी आहे का, हे तुम्ही वेगळं विचारलंय. दिवाळीच्या सुटीत अमावास्येच्या आसपास मालवणला जा. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि खडक उघडे पडतात. प्लास्टिकच्या पाइपची हातभर चौकट करा. ती खडकावर ठरावीक अंतराने ठेवून आत किती कालवं, किती गोगलगायी, ते तिला मोजून वहीत लिहू दे. काही उचलायचं नाही, आणि भरतीची वेळ माहीत असलेला गावातला माणूस सोबत हवाच. मे महिन्यात त्याच जागी पुन्हा. दुसऱ्या खेपेला ती आपणहून निघाली, तर माझ्याकडे घेऊन या. कंटाळली तरी बिघडलं नाही. गणित हाताशी असल्याने बाकी वाटा उघड्याच आहेत.

स्कूबाच्या कोर्सवर एवढ्यात खर्च करू नका. तारकर्लीला तो बारावीनंतरही करता येईल. सध्या टिळक टँकवर पोहण्याचा पास काढून द्या.