घर आपलं, प्रश्न तुमचे: खारं पाणी, शहाबादी फरशी आणि लिंबू

या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत, घरातली केमिकलं कमी करायची आहेत पण घरगुती उपाय करून बघितले तर काही जमले काही फसले. म्हणून तीन-चार पत्रं निवडून एकत्रच उत्तरं देतेय.

ताई, आम्ही जुळे सोलापुरात राहतो, वापरायला बोअरचं पाणी. नळ, शॉवर, बादल्या सगळ्यावर पांढरे थर. व्हिडिओत बघून खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओतलं, फेस भरपूर आला पण डाग आहेत तिथंच. असं का?

कारण तो फेस फक्त दिसायला असतो हो. व्हिनेगर आंबट, सोडा त्याच्या उलटा, दोघं भेटले की एकमेकांचा जोर मारून टाकतात आणि हातात उरतं जवळपास नुसतं खारट पाणी. दोन्ही कामाच्या वस्तू आहेत पण वेगवेगळ्या कामाच्या. तुमच्या नळावर बसलाय तो क्षार, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, साध्या भाषेत चुनखडी, आणि तिला आंबटच लागतं. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, ते मोठा चमचाभर अर्ध्या लिटर कोमट पाण्यात विरघळवा, जुनं फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळा आणि अर्धा तास विसरून जा. मग जुन्या टूथब्रशने घासलं की थर निघतो, जुना असेल तर दोन-तीन वेळा करावं लागेल. शॉवरची जाळी काढता येत असेल तर सरळ त्या पाण्यात बुडवून ठेवा. नंतर साध्या पाण्याने नीट धुऊन कोरड्या फडक्याने पुसा, हे पुसणं टाळू नका, पाण्याचा थेंब जागच्या जागी वाळतो तेव्हाच क्षार मागे राहतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाळायला कितीसा वेळ लागतो. कूलरच्या टाकीतला थरसुद्धा असाच निघतो.

सोडा ठेवा तेलकटासाठी, गॅसची शेगडी, एक्झॉस्ट फॅनची पाती वगैरे.

ताई, बाळीवेशीत आमचं जुनं घर आहे, खाली शहाबादी फरशी आणि ओटा कडप्प्याचा. मी हौसेनं लिंबाच्या साली गूळ-पाण्यात आंबवून बायोएन्झाइम केलं, तीन महिने थांबले, आणि आठवडाभर त्यानेच फरशी पुसली. आता फरशीवर पांढुरके भुरकट चट्टे पडलेत, सासूबाई बोलत नाहीत पण रोज त्या चट्ट्यांकडे बघतात. काय चुकलं माझं?

तुमचं एन्झाइम चुकलेलं नाही, जागा चुकली. वरच्या उत्तरात नळावरच्या क्षाराला जे आंबट खातं म्हटलं ना, तेच इथं झालंय, कारण शहाबादी म्हणजे मुळात चुनखडीचाच दगड. सोलापूरहून कलबुर्गीच्या पुढे वाडीकडे जाताना रेल्वेच्या वाटेवर शहाबाद लागतं, तिथल्या खाणींवरून फरशीचं नाव पडलं, म्हणून तर आपल्याकडच्या जुन्या घरांत हीच फरशी. कडप्पाही त्याच जातीचा. म्हणजे व्हिनेगर, लिंबू, चिंच, लिंबूसत्त्व, बायोएन्झाइम यातलं जे क्षार काढतं ते दगडही खातं, त्याला डाग कुठला आणि फरशी कुठली हे कळत नाही.

माझ्या माहेरी कडप्प्याच्या ओट्यावर एक गोल खूण आहे, अगदी पेल्याच्या बुडाएवढी. उन्हाळ्यात कुणीतरी लिंबू सरबताचा ओला पेला तिथं ठेवला आणि रात्रभर तसाच राहिला. दिवसा नीटशी दिसत नाही, पण तिरपा उजेड पडला की करडी कडा दिसते आणि बोट फिरवलं तर तेवढीच जागा खरखरीत लागते. आईनं साबण, राख, सोडा सगळं करून बघितलं, गेली नाही, जाणारच नव्हती, कारण तो डाग नाहीच, तिथली वरची गुळगुळीत कातच गेलीय.

तुमच्या चट्ट्यांचंही तसंच आहे म्हणून आणखी घासू नका. मशीनने पॉलिश करून घेतलं तर जाईल, फरशीवाले करून देतात. रोजच्या पुसण्याला साधं पाणी आणि घट्ट पिळलेलं फडकं पुरे, चिकट असेल तिथं बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा टाका आणि मग एकदा साध्या पाण्याने पुसून घ्या. आणि केलेलं एन्झाइम फेकू नका हं, एवढी मेहनत आहे त्यात! पाणी घालून पातळ करा आणि सिरॅमिकच्या टाइल्स, संडासाचं भांडं यांना वापरा. (कुणी नव्याने करणार असेल तर गूळ १०० ग्रॅम, साली ३०० ग्रॅम, पाणी १ लिटर, प्लास्टिकच्याच बाटलीत, वर मोकळी जागा ठेवून, आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, काचेची बाटली फुटू शकते.)

घरात कुठला दगड आहे ठाऊक नसेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर चुनखडीचा दगड, लगेच पुसा आणि आंबट दूर ठेवा.

आमचे टॉवेल चार धुण्यांत कडक भाकरीसारखे होतात ओ ताई. सोलापुरात राहून टॉवेल असा!

खाऱ्या पाण्यात साबणाचा साका होतो आणि तो टॉवेलच्या फासांत अडकून बसतो. साबणाआधी पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा, पाणी थोडं मऊ होतं आणि साबण कमी लागतो. महिन्यातून एकदा शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. सॉफ्टनर नको, त्याचा थर फासांवर बसतो आणि टॉवेल अंग पुसायचं सोडतो. वाळत घालताना जोरात झटका आणि वाळला की लगेच काढा, दुपारभर उन्हात तापत ठेवू नका.

नळाला चार दिवसाआड पाणी, त्यामुळे बॅरल भरून ठेवावेच लागतात. ते रिठ्याने किंवा एन्झाइमने धुतले तर चालेल का? ब्लीचिंग पावडर घरात नको वाटते.

धुवायला काथ्या आणि खायचा सोडा पुरतो, पण आतली भिंत घासायचीच, नुसतं पाणी ओतून टाकू नका. डेंग्यूचा डास पाण्याच्या काठाला अंडी चिकटवतो आणि ती बॅरल कोरडा झाला तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा रिकामा, घासलेला, उन्हात वाळवलेला, आणि भरला की तोंडाला कापड घट्ट बांधलेलं.

ब्लीचिंग पावडरबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. घरात जुलाब-उलट्यांचा पेशंट असेल तर संडास-बाथरूमला तीच हवी, रिठा मळ काढतो, पण जंतू मारायला त्याच्या भरवशावर राहू नका. फक्त ती संडासच्या अॅसिडमध्ये, व्हिनेगरमध्ये किंवा एन्झाइममध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि लहानशा बंद बाथरूममध्ये जीव घुसमटतो. आज एक वापरलं तर भरपूर पाणी टाकून धुऊन घ्या, खिडकी उघडी ठेवा, आणि दुसरं दुसऱ्या दिवशी.