जाळी तोडू नका, रान तिच्यातूनच येतं

उन्हाळा सरत आला की 'उजाड जमिनीवर जंगल कसं करायचं?' हा प्रश्न दर आठवड्याला येतो. निवडक पत्रांना इथे एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : आमच्या कातळावर करड्या खपल्या धरल्या आहेत. घासून काढाव्यात का?

नाही. ते दगडफुलाच्या जातीचं, बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र बिऱ्हाड आहे. उघड्या दगडावर सर्वांत आधी तेच येतं.

प्रश्न : भोरकडे डोंगरउतारावर दोन एकर जमीन दहा वर्षं पडीक आहे. करवंदं, रामेठा, घाणेरी माजलीय. ठेकेदार म्हणतो, जेसीबीने साफ करून दाट रोपं लावू, तीन वर्षांत जंगल. द्यावं का काम?

देऊ नका. तुम्ही ज्याला माजलेलं म्हणता, ती दहा वर्षांची कमाई आहे. नांगर थांबला की आधी एका पावसाचं तण येतं, मग कुसळीसारखी गवतं, मग झुडपं. करवंदीच्या काट्यांत गुरांचं तोंड जात नाही, खाली ओल टिकते, पालापाचोळा कुजतो. फळं खायला आलेले बुलबुल इतर झाडांच्या बियाही तिथेच टाकून जातात. जांभूळ, हिरडा यांची पोरं अशाच जाळीत वाढतात आणि एक दिवस जाळीच्या वर डोकं काढतात. जेसीबी वरची माती खरवडतो तेव्हा तिच्यातलं बियाणं, बुरशीचे धागे आणि पुन्हा फुटू शकणारी जुनी खुंटं, सगळं एका दुपारात जातं. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ मियावाकी यांच्या पद्धतीची दाट लागवड शहरातल्या मोकळ्या तुकड्यावर करून पाहावी. जिथे झाडोरा आपणहून येतोय तिथे तिचं काम नाही. आणि तीन वर्षांत मिळतात ती उंच रोपं. जंगलाला काही दशकं लागतात, हे ठेकेदार सांगणार नाही.

घाणेरी मात्र परदेशी आहे, ती काढावी, पण निवडून, हाताने. त्याआधी स्थानिक झाडं ओळखणाऱ्या कुणाला तरी जमीन दाखवाच.

प्रश्न : वणव्याने गवत चांगलं येतं म्हणतात. खरं आहे?

ऐकीव आहे. सुकं गवत जळून गेल्यामुळे नवा हिरवा कोंब लवकर दिसतो, इतकंच. त्याच आगीत झाडांची कोवळी रोपं मरतात आणि उतार वर्षानुवर्षं गवतावरच अडकून राहतो. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी, काढायची असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. स्वतः काडी लावू नका.

प्रश्न : सोलापूरकडच्या आमच्या माळावर नुसतं गवत आहे. जंगल कधी होणार?

होऊ नये. कमी पाऊस आणि उथळ मुरूम यांवर गवताळ माळ हेच भरलेलं घर आहे. काळवीट, लांडगा, माळढोक त्याचेच. तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) किंवा इतर झाडं लावायला खड्डे खणू नका.

प्रश्न : जंगल पूर्ण झालं की बदल थांबतो?

नाही. मोठं झाड पडलं की तिथे ऊन येतं आणि उन्हाची झाडं पुन्हा सुरुवात करतात.

प्रश्न : यंदा पावसाआधी काय करू?

गुरं रोखा. रोपांचं नंतर, जमीन पाहूनच ठरवू.