तीन बॉयलर आणि समोरचा वारा

प्रश्न : 1971 च्या युद्धात ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचा एक बॉयलर बंद होता, असे वाचले. बॉयलरचा आणि विमाने उडण्याचा काय संबंध? – एक वाचक, सातारा

उत्तर : थेट संबंध आहे. नौका चालते ती बॉयलरच्या वाफेवरच. विमान उचलले जाण्यासाठी पंखांवरून पुरेशा वेगाने वारा वाहावा लागतो. त्यातला मोठा वाटा वाफेवर चालणारा कॅटापल्ट (विमानाला डेकवरून पुढे फेकणारी यंत्रणा) देतो, बाकीचा नौकेचा वेग आणि समुद्रावरचा वारा. म्हणून उड्डाणाआधी नौका वाऱ्याच्या तोंडी वळवतात. समोरून 10 नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे 1.85 किमी) वारा असेल आणि नौका 24 नॉटने चालली, तर डेकवर 34 नॉट मिळतात. 16 नॉटने चालली तर 26 च. या 8 नॉटांची किंमत वजनात मोजावी लागते : बॉम्ब तरी कमी न्यायचे, इंधन तरी. उतरतानाही वारा कमी असला की विमान डेकवर जास्त वेगाने येते आणि हुक अडकतो त्या तारेवर ताण वाढतो.

‘विक्रांत’च्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेला होता. उरलेल्या तिघांवर वेग साधारण 16 नॉटच्या पुढे जात नव्हता, आणि कॅटापल्टलाही वाफ त्यांचीच. तरीही 4 डिसेंबरला नौदलाच्या ‘आयएनएएस 300’ या ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रनच्या (विमानतुकडीच्या) सी हॉक लढाऊ विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) कॉक्स बझारचा विमानतळ फोडला, त्याच दिवशी चितगाववरही हल्ला केला. नंतर खुलना, मोंगला. प्रत्येक विमानात 20 मिमीच्या चार तोफा, शिवाय बॉम्ब किंवा रॉकेटे. युद्धात एकही सी हॉक गमवावे लागले नाही. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले. ते रास्तच; पण तीन बॉयलरांवर वाफ टिकवून धरणाऱ्या बॉयलर-रूममधल्या खलाशांचेही नाव या हल्ल्यांबरोबर घेतले गेले पाहिजे.

प्रश्न : हे स्क्वाड्रन आज आहे का? सी हॉक कुठे पाहता येईल? – एक वाचक, मडगाव

उत्तर : आहे. 1960 मध्ये ब्रिटनमधल्या ब्रॉडी तळावर ते उभे राहिले. 1983 पासून त्याच्याकडे सी हॅरियर विमाने होती, 2016 पासून मिग-29के आहेत. सी हॉक तुमच्या जवळच, बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात आहे. त्याचे पंख कुठे दुमडतात ते सांधे नीट बघा. पंख वर दुमडले तरच विमान नौकेच्या लिफ्टमधून खालच्या हँगरमध्ये जाई.