संघातली हळू चालणारी मैत्रीण

प्रश्न : ताई, नमस्कार. मी साताऱ्याची, वय 34. मी, माझा नवरा, धाकटा दीर आणि बँकेतली माझी मैत्रीण, असे आम्ही दर रविवारी अजिंक्यतारा चढतो. आता चौघांनी मिळून अॅडव्हेंचर रेसमध्ये उतरायचं मनात आहे. पण मैत्रीण चढावर मागे पडते. दीर म्हणतो, तिच्याऐवजी एखादी पळणारी मुलगी घेऊ. तिला हे कसं सांगू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सांगू नका. निदान आत्ता तरी नको.

तुमचा दीर एकेकट्याच्या वेगाचा हिशेब करतोय. या खेळात चालणं, सायकल, वल्हवणं, दोरावरून उतरणं हे सगळं एकाच शर्यतीत येतं, मोठ्या शर्यतीत रात्रंदिवस चालतं, आणि सगळ्यांनी बरोबरच राहायचं असतं. पहिला गडी कधी पोचला याला किंमत नाही. शेवटचा पोचला की संघाची वेळ नोंदली जाते. जेरार्द फ्युझिल या फ्रेंच पत्रकाराने 1989 साली न्यूझीलंडमध्ये 'रेड गोलवाझ' ही या खेळातली शर्यत पहिल्यांदा भरवली, तेव्हा संघ पाच जणांचा होता आणि त्यात एक तरी बाई असणं सक्तीचं होतं. आज जागतिक मालिकेत चौघांचा मिश्र संघ असतो. आपल्याकडे पुण्याजवळच्या डोंगरांत झालेल्या 'एन्ड्युरो-3' या शर्यतीत तिघांचे संघ उतरत आले आहेत. तेव्हा नाव देण्याआधी तुमच्या शर्यतीला किती जण लागतात ते बघून घ्या.

माझ्या पहिल्या शर्यतीत आम्ही तिघं होतो आणि नकाशा माझ्याकडे होता. पानशेतच्या मागच्या डोंगरात रात्री माझ्या पोटरीत गोळे यायला लागले. मी बोलले नाही. संघात मी एकटी बाई, आपल्यामुळे थांबायला लागू नये, एवढंच डोक्यात. दुखणं लपवायच्या नादात नकाशावरचं लक्ष उडालं. एक सोंड सोडून पलीकडच्या सोंडेवर चढले, कारवीतल्या ढोरवाटेने दोघांना फिरवत राहिले आणि दीड तासाने आम्ही त्याच ओढ्यावर परत आलो. एक जण म्हणाला, "चकवा लागला." तेव्हा मला रडू फुटलं आणि मग पायाचं सांगितलं. त्याने काही न बोलता माझी सॅक आपल्या सॅकवर बांधली. दुसऱ्याने सायकलची जुनी ट्यूब काढली, एक टोक स्वतःच्या कमरेला, एक माझ्या. चढावर त्या ट्यूबची ओढ अगदी थोडी असते, पण पाय चालत राहतात. उजाडायच्या आत आम्ही खिंडीत होतो.

त्या रात्री वेळ गेला तो माझ्या गप्प राहण्यामुळे. पाय दुखायला लागला त्याच क्षणी सॅक दिली असती, तर तो दीड तास वाचला असता. ओझं उचलणारे पुष्कळ भेटतात. वेळेवर आपलं ओझं दुसऱ्याच्या हातात देणं मात्र शिकावं लागतं, आणि मला वाटतं ते बायकांना जास्त जड जातं. मैत्रिणीशी बोलायचंच असेल तर हे बोला.

सराव असा करा. एका शनिवारी पहाटे साताऱ्याहून सायकलने सज्जनगडाच्या पायथ्याला जा, गड चढून उतरा आणि सायकलनेच परत या. चढताना तिची सॅक दिराच्या पाठीवर. वेग तिने ठरवायचा आणि दर अर्ध्या तासाला प्रत्येकाने आपलं काय दुखतंय ते मोठ्याने सांगायचं. पायाला फोड येतोय असं वाटलं की तिथेच थांबून पट्टी लावायची. पाच मिनिटं जातात, पण पुढचे पाच तास वाचतात. गूळ-शेंगदाणे भूक लागायच्या आधीच खायचे.

नकाशा मैत्रिणीला द्या. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा घ्या. त्यावर 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 1 किलोमीटर. शर्यतीत जीपीएस सहसा चालत नाही, बऱ्याच ठिकाणी फोनही सीलबंद पाकिटात ठेवायला लावतात. आधी ओळखीच्या जरंडेश्वराच्या डोंगरावर दिवसाउजेडी सराव करा : कंटूर, म्हणजे नकाशावरच्या सारख्या उंचीच्या रेषा, जवळ आले की चढ उभा, लांब गेले की पठार. सोंड आणि घळ यांतला फरक बोट ठेवून सांगता यायला लागला, की मग रात्री. वल्हवायला मात्र शिकवणारा माणूस आणि लाइफ जॅकेट असेल तिथेच जा. आपले आपण धरणात उतरू नका.

असे तीन-चार शनिवार झाले की कोण संघात बसतं आणि कोण नाही, ते तुम्हाला चौघांनाही दिसेल. ती अडचण मैत्रिणीची नसेलही. मी पाहिलेल्या मोडलेल्या संघांत बहुतेक वेळा सगळ्यात वेगवान गडीच चिडून पुढे निघून गेलेला होता. म्हणून पहिल्या शनिवारी दिराला एकच काम द्या : गडाच्या पायऱ्यांवर शेवटपर्यंत तिच्या मागेच राहायचं.