नव्या भट्टीच्या आधी जुनीचं पॅनल उघडायला सांगा

ताई, तुम्ही विचारलंत की प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या टेबलावर घातक कचरा जाळायच्या नव्या भट्टीचा अर्ज आणि जुन्या चालू भट्टीचं रिन्यूअल दोन्ही असतील तर आधी कशाची कसून तपासणी व्हायला हवी, आणि इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीच्या अंगाला राहणाऱ्यांनी नेमका कशावर जोर धरायचा. मी बावीस वर्षं अशा भट्ट्यांवर शिफ्ट इनचार्ज म्हणून काढली, आता इंदूरला घरीच असतो. माझं उत्तर एकच, जुनी आधी.

नव्या अर्जाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा आढावा) अधिसूचनेप्रमाणे फाइल दिल्लीपर्यंत जाते, जनसुनवाई होते, पेपरात येतं, लोक उठून बोलतात. जुनीचं ऑथरायझेशन, म्हणजे घातक कचरा हाताळायची परवानगी, दर पाच वर्षांनी संपतं आणि बहुतेक वेळा गुपचूप रिन्यू होतं, गावाला पत्ताही नसतो. पण धूर कोण सोडतंय? कागदावरची भट्टी कोणाच्या छातीत जात नाही, चालू असलेली रोज जाते.

एक प्रसंग सांगतो, युनिटचं नाव लिहीत नाही, मध्य प्रदेशातलं नाही. रात्रपाळीला मी नवीनच रुजू झालो होतो. ओला गाळ भरलेले ड्रम एकामागून एक आत गेले आणि दुसऱ्या चेंबरचं, म्हणजे निघालेला वायू पुन्हा जाळायच्या कप्प्याचं, तापमान ११०० डिग्रीवरून बघता बघता ९४० वर आलं, कार्बन मोनॉक्साइडचा काटा वर चढला. अशा वेळी इंटरलॉकने, म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेल्या स्वयंचलित यंत्रणेने, कचरा टाकणं आपोआप बंद व्हायला पाहिजे, झालं नाही. पॅनल उघडून बघितलं तर आत वीतभर लाल वायर, दोन टर्मिनलमध्ये जंपर मारलेला, म्हणजे इंटरलॉकला बगल दिलेली. दिवसपाळीला सारखं फीड (कचरा आत जाणं) तुटायचं म्हणून कुणीतरी लावून ठेवला होता आणि तो तसाच राहिला. परवानगीच्या कागदात इंटरलॉक अगदी व्यवस्थित लिहिलेला होता, म्हणजे कागद तपासणाऱ्याला तो जंपर जन्मात दिसला नसता. मी वायर काढली, फीड थांबवलं, आणि सकाळी त्यावरून बोलणी खाल्ली. अजूनही ती वायर डोळ्यांसमोर येते.

तापमानाचा एवढा आग्रह का, तर आपल्याकडे दुसऱ्या चेंबरमध्ये ११०० डिग्री आणि वायूला किमान दोन सेकंद थांबायला मिळणं अपेक्षित आहे, त्याशिवाय क्लोरीनवाला कचरा नीट जळत नाही. आणि नीट जळला तरी पुढे वायू सावकाश गार झाला तर साधारण ४५० ते २०० डिग्रीच्या मधल्या पट्ट्यात डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन परत तयार होतं, म्हणून क्वेंच, म्हणजे वायू गार करणं, झटपट व्हावं लागतं. डायॉक्सिनची मर्यादा आहे घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम, आणि ते रोजच्या ऑनलाइन मीटरवर दिसत नाही, चिमणीतून नमुना घेऊन लॅबला पाठवावा लागतो. म्हणजे नमुना घेतला त्या दिवशी भट्टी कशी चालवली, सोपा कचरा टाकला की अवघड, यावर सगळा रिपोर्ट उभा असतो. जुन्या भट्टीची तपासणी न कळवता, तिच्या सगळ्यात वाईट कचऱ्यावर व्हायला पाहिजे असं मी म्हणतो ते यासाठीच.

हे माझ्या एकट्याच्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत १९८० च्या सुमाराला नियम आले तेव्हा आधीपासून चालू असलेल्या भट्ट्यांना तात्पुरत्या दर्जावर चालू राहू दिलं, १९८४ च्या दुरुस्तीत त्यांना पक्का परवाना देण्याची मुदत नोव्हेंबर १९८९ ठेवली, तरीही कचरा जाळणारे बरेचसे बॉयलर आणि सिमेंटच्या भट्ट्या वर्षानुवर्षं पक्क्या परवान्याविना चालतच राहिल्या. शेवटी मे १९९३ मध्ये ईपीए या तिथल्या पर्यावरण खात्याच्या प्रमुख कॅरोल ब्राउनर यांनी जाहीर केलं की पुढचे अठरा महिने ताकद आधी चालू युनिट्सवर लावायची, नव्यांचा नंबर नंतर, आणि सोबत कचरा मुळातच कमी कसा होईल ते बघायचं. आपल्या २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांतही कचरा कमी करण्यावरच पहिला भर आहे, आधी कचरा होऊच न देणं, मग कमी करणं, पुन्हा वापरणं, सिमेंट भट्टीत सह-प्रक्रिया (इंधन किंवा कच्चा माल म्हणून वापर), आणि विल्हेवाट सगळ्यात शेवटी. त्यामुळे नवी भट्टी मागणाऱ्याला पहिला प्रश्न हाच, की हा कचरा जाळावाच का लागतोय.

आता पीथमपूर. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये १२ कंटेनरमधून इथे जाळायला आला, त्याविरोधात रस्त्यावर काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. पण पुढचं नीट बघा, मध्य प्रदेश हायकोर्टाची नजर असल्यामुळे तीन चाचण्या झाल्या, दहा-दहा टनांच्या, तासाला १३५, मग १८०, मग २७० किलो, आणि त्यानंतरच उरलेला ३०७ टन मे-जूनमध्ये जाळला. चुना वगैरे मिसळल्यामुळे राख आणि अवशेष ८५० टनांच्या वर झाले, म्हणजे जाळलं म्हणजे संपलं असं नसतं, लँडफिल किती शिल्लक आहे हाही परवानगीचाच प्रश्न आहे. यशवंत सागर तलावाचं पाणी पिणाऱ्या इंदूरकरांनी हा प्रश्न सोडू नये. त्या ३३७ टनांना जेवढी शिस्त लावली तेवढी इतर कारखान्यांच्या रोजच्या कचऱ्यालाही लागायला हवी, माझा सगळा आग्रह इथे आहे.

जुन्यांमध्येही आधी कोण, तर ज्याच्या भिंतीला लागून वस्ती किंवा पाणी आहे आणि ज्याच्याकडे दहा ठिकाणचा वेगवेगळा कचरा येतो, तो. कारण मिसळलेल्या कचऱ्यात आज काय आलंय ते ऑपरेटरलाही नक्की माहीत नसतं.

तुम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘प्रदूषण होतंय का’ असं मोघम विचारू नका. मागच्या वर्षभरातला दुसऱ्या चेंबरच्या तापमानाचा तासातासाचा रेकॉर्ड, फीड किती वेळा आपोआप तुटलं त्याचं रजिस्टर, आणि डायॉक्सिनचा नमुना घेतला त्या दिवशी कुठला कचरा किती किलो चालू होता, ही तीनच मागा. फीड वर्षात एकदाही तुटलं नाही असं रजिस्टर आलं तर समजा पॅनल उघडून बघायची वेळ आलीय, तसं लेखी द्या. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत चालतो, माझ्याकडे हिंदीतला मसुदा तयार आहे, मेसेज करा, आज रात्रीच पाठवतो.