साधा लॅपटॉप आहे, गेमची सवय नाही, मर्डर मिस्ट्री गेम खेळायचीय. कुठून सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की सातारला हॉस्टेलवर राहता, लॅपटॉपला ग्राफिक कार्ड नाही, मोबाईलवरच्या मारामारीशिवाय काही खेळला नाही आणि खुनाच्या कथांचं मात्र लहानपणापासून वेड. मग जास्त विचार करू नका, द केस ऑफ द गोल्डन आयडल घ्या, २०२२ ची आहे, साध्या लॅपटॉपवर आरामात चालती.

डिटेक्टिव्ह म्हणून खपणाऱ्या निम्म्या गेममध्ये आपल्याला डोकं लावायला ठेवलेलंच नसतंय, वस्तू चमकतात, आपण टकाटक क्लिक करायचं आणि शेवटी गेममधलाच साहेब उठून खुनी कोण ते सांगणार, मग आपण काय हमाली करायला बसलोय का? गोल्डन आयडलमध्ये कोण काही सांगत नाही. पहिल्याच केसमध्ये एक माणूस दुसऱ्याला कड्यावरून ढकलतोय, खुनी डोळ्यासमोर, चित्र जवळपास तिथंच थांबलेलं. मग राहिलं काय? तर ही माणसं कोण, नावं काय, भांडण कशावरनं. खिशातल्या वस्तू बघायच्या, चिठ्ठ्या वाचायच्या, त्यातनं शब्द गोळा होतात आणि ते रिकाम्या जागांत भरायचे. नुसतं ठोकून दिलं तर पुढं पुढं अडकताच.

आणि ही एकट्यानं खेळू नका, रूममेटला शेजारी बसवा. आमच्याकडं सांगलीत पावसाळ्यात आत्या राहायला आलेली, माऊसला हात लावायची नाही, पण भडंगाची वाटी घेऊन मागं बसायची आणि "अरे आधी त्या म्हाताऱ्याच्या खिशात बघ की" करत निम्म्या केसेस तिनंच सोडवल्या.

ती आवडली की मग रिटर्न ऑफ द ओब्रा डिन, २०१८ ची, लुकास पोप या माणसानं केलेली. साल १८०७, ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता झालेलं जहाज परत येतं, पण त्यावर जिवंत कोणीच नाही, तुम्ही विम्याचे इन्स्पेक्टर. जहाजावरच्या ६० जणांचं प्रत्येकाचं काय झालं ते वहीत भरायचं. तुमच्याकडं एक घड्याळ असतंय, प्रेताजवळ उघडलं की त्याच्या मरणाचा क्षण दिसतो आणि त्याआधीचं थोडं बोलणं ऐकू येतं. एकेक उत्तर बरोबर का चूक ते गेम सांगत नाही, तीन जणांचं बरोबर जमलं की तेवढं पक्कं करते, त्यामुळं तुक्के चालत नाहीत. बोलण्याची ढब, कपडे, झोपायच्या झोळीवरचा नंबर, असल्या गोष्टींवरनं माणूस ओळखायचा. माझ्या मते या प्रकारात याच्यापेक्षा भारी गेम नाही, पण पहिलीच म्हणून घेऊ नका, कंटाळून सोडाल. चित्रं पण काळीपांढरी ठिपक्यांची आहेत, काहींचं डोकं दुखतं.

फोनवरच खेळायचं असेल तर एस अटर्नीच्या पहिल्या तीन गेमचा एकत्र संच मिळतो. तुम्ही वकील, साक्षीदार खोटं बोलतोय ते पुरावा तोंडावर मारून दाखवायचं. वाचायला लई आहे आणि मधेमधे पांचटपणा पण, तरी धमाल आहे. हर स्टोरी पण फोनवर आहे. १९९४ मधल्या पोलीस चौकशीचे तुकडे शब्द टाकून शोधायचे, एका वेळी पहिले पाचच व्हिडिओ बघायला मिळतात. त्याला मात्र इंग्रजी ऐकून समजलं पाहिजे.

डिस्को एलिजियमचं नाव सगळीकडं ऐकाल, गेम भारीच आहे, पण त्यात खून कमी आणि वाचन डोंगराएवढं, ती सुट्टीत.

एक गोष्ट मात्र पाळा, यूट्यूबवर उत्तर बघू नका, असल्या गेम एकदाच खेळता येतात. अडकलात तर लॅपटॉप मिटून जेवून या. आणि स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, घेतली तर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करता येते, पैसे माघारी मिळतात, तेवढ्यात आपल्याला जमतंय का नाही ते कळतंय.